भुशाचं रेडकू

१

"बाई, आमचं रेडकू चोरीला गेलंय."

नगरपालिकेच्या परवाना विभागात सकाळचा चहा अजून यायचा होता. सत्यशीलाने मान वर केली. दारात चांगुणा उभी होती. डोक्यावरचा पदर विस्कटलेला, हातात दाव्याचा एक तुकडा.

"मग पोलिसांत जा की," पलीकडच्या टेबलावरून निरीक्षक दिनकरराव म्हणाले. "जनावराची चोरी त्यांच्याकडं. आमच्याकडं नुसता परवाना."

"जनावर न्हाई साहेब. मेलेलं रेडकू हाय."

शिपाई फिस्सकन हसला. दिनकररावांनी चष्मा काढला.

"मेलेलं रेडकू कोण चोरील गं?"

"तेच तर इचारायला आले."

सत्यशीलाने तिला बाकावर बसवलं. चांगुणाची भुरी म्हैस दिवाळीनंतर व्याली होती. पौषाच्या गारठ्यात रेडकू दगावलं आणि भुरीने पान्हा चोरला. सडाला हात लावू देईना. मग गवळी करतात तेच चांगुणाने केलं. ताडकळसच्या बाजारातल्या कारागिराकडून त्या रेडकाचं कातडं वाळवून, आत भुसा भरून आणलं आणि भुरीच्या पुढ्यात उभं केलं. भुरी ते चाटायची आणि चाटता चाटता दूध सोडायची.

"आज पहाटं मी नळाला गेले. येऊन बघते तर खुंट्याला एवढंच दावं. भुरी सकाळपासून हंबरायलीय. थेंब देईना."

दिनकररावांचा चेहरा आता हसरा राहिला नव्हता. संध्याकाळी धारेच्या वेळी ते तिच्याच गोठ्याची तपासणी करणार होते. भाकड म्हशींच्या नावावर परवाना काढून बाहेरचं पाणीदार दूध विकणारे गावात कमी नव्हते, म्हणून धार डोळ्यांसमोर निघाल्याशिवाय दिनकरराव कागदावर सही करत नसत. आणि चांगुणा ज्या मुलींच्या वसतिगृहाला दूध घालणार होती, तिथले अधीक्षक परवान्याशिवाय कुणाचं दूध घेणार नव्हते.

"तपासणी पुढं ढकला साहेब," सत्यशीला म्हणाली.

"पुढची फेरी उन्हाळ्यानंतर. तोवर म्हैस आटलेली असणार." दिनकररावांनी तिच्याकडं रोखून पाहिलं. "तुमच्याच गल्लीतली आहे म्हणून एवढा कळवळा का?"

"माझ्याच टेबलावरचा अर्ज आहे म्हणून, साहेब. जागेची प्राथमिक पाहणी माझ्याकडंच असते."

"करा मग पाहणी. संध्याकाळी मी येतोय. धार निघाली तर सही, नाहीतर नाही."

सत्यशीलाने दाव्याचा तुकडा हातात घेतला. टोक विळ्याने कापल्यासारखं साफ होतं.

"चांगुणाबाई, फास रेडकाच्या गळ्यातच होता का?"

"व्हय. गळ्यातनं काढायला काय, नुसता सरकवला की निघतोय."

"मग चोराने तो सरकवला का नाही? लांबून, खुंट्यापाशी दावं का कापलं?"

विचारता विचारताच सत्यशीलाने पर्स उचलली होती.

२

भीमनगरच्या टोकाला, ओढ्याच्या अलीकडं चांगुणाचं घर. गोठा सारवलेला, नाली नवीन, आडोशाला बाभळीचं कुंपण. भुरी कान टवकारून रिकाम्या जागेकडं बघत होती. मधेच मान लांबवून हंबरायची. ते ऐकताना सत्यशीलाला घरी आईपाशी ठेवलेली आपली पाच महिन्यांची लेक आठवली.

ती उकिडवी बसली. जमिनीवर कालच्या सारवणाचा पातळ थर होता. त्यावर भुरीचे खूर होते, एकमेकांत मिसळलेली अनवाणी पावलं होती. ओढत नेल्याची रेघ कुठंच नव्हती.

"उचलून नेलंय," ती म्हणाली. "आणि भुसा सांडलेला नाही. कशात तरी गुंडाळून नेलंय."

ओसरीवर चांगुणाचे सासरे सितारामबाबा बसले होते. गोठ्याकडं पाठ करून. अंगात नुसती बंडी.

"मामा, वाकळ घ्या की अंगावर. केवढा गारठा हाय," चांगुणा म्हणाली.

"ऊन हाय की," बाबा म्हणाले. ऊन अजून ओसरीच्या पायरीलाही लागलं नव्हतं.

"लय मन लागलं व्हतं त्यांचं रेडकात," चांगुणा हळूच म्हणाली. "आजारी व्हतं तवा मांडीवर घेऊन बसायचे. गेलं तसं गोठ्यात पाय ठिवला न्हाई."

तिने आग्रह करून ताटात भाकरी आणि वरण वाढलं. पहिल्याच घासाला सत्यशीला थांबली.

"आळणी झालंय ना?" चांगुणा ओशाळली. "खडेमिठाचं गाडगं परवाच भरलं व्हतं. आज बघते तर तळाला. आता मीठ बी चोरीला जायला लागलं का काय!"

सत्यशीलाचा हात ताटावरच राहिला. कातडं टिकवायला मीठ लागतं, एवढं तिला ठाऊक होतं.

"काल तुमच्याकडं कोण आलं होतं?"

"बन्सीधर गवळी. म्हैस मागायला. म्हणला, तुला झेपायची न्हाई, माझ्या गोठ्यात घाल. मी न्हाई म्हणले, तर जाताना म्हणला, उद्या तूच आणून सोडशील."

३

बन्सीधर गवळ्याचा गोठा गावातला सगळ्यात जुना. तो एका रेड्याचं अंग तेलाने चोळत होता. सत्यशीलाला पाहून त्याने हात थांबवला नाही.

"या बाई. आमचा परवाना तर झालाय औंदा."

"चांगुणाचं भुशाचं रेडकू कुठंय?"

"माझ्या खिशात हाय, बगा." तो मोठ्याने हसला. मग तिचा चेहरा बघून हसू आवरलं. "म्हंजी, खरंच गेलं का?"

"काल तुम्ही म्हणालात, उद्या तूच आणून सोडशील."

"म्हणलो. धारेला साहेब समोर आला की नवी माणसं थरथरतात, जनावर बिचकतं. मला वाटलं, आज फजिती हुईल, मंग देईल मला. ह्यात चोरी कुठं आली?"

"रेडकू नसलं की फजिती नक्की होणार."

"आन मंग मी पान्हा चोरलेली म्हैस घेऊन काय करू? लाथा खाऊ?" त्याने तेलाचा हात रेड्याच्या पाठीवर थोपटला. "बाई, जिचं रेडकू मेलंय अशी म्हैस घ्यायची तर भुशाच्या रेडकासकट घेतात. त्याच्याबिगर तिची किंमत खाटकाकडं. मला भुरी पायजे, पण दुधासाठी पायजे."

सत्यशीलाला ते पटलं.

"दावं कापलेलं आहे, घरातलं मीठही गेलंय. कातड्यासाठी..."

"वाळलेल्या कातड्याला मीठ कशाला? ते ओल्याला. अन् तसं दावं कापायची काय गरज? मी असतो तर काखंत मारून नेलं असतं. हे बगा." त्याने कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं त्याचं स्वतःचं एक भुशाचं रेडकू उभं होतं. बन्सीधरने ते एका हाताने उचललं, मांजर उचलावी तसं, आणि परत ठेवलं.

ती निघाली तशी तो मागून म्हणाला, "त्या कमलबाईला इचारा. काल कुंपणापाशी उभी राहून म्हणत व्हती, हे ध्यान उद्यापतोर इथं राहत न्हाई. माझ्या कानानं ऐकलंय."

४

कमलबाई म्हणजे निवृत्त मास्तरांच्या पत्नी. त्यांच्या परसाची आणि चांगुणाच्या गोठ्याची एकच हद्द. त्यांनी सत्यशीलाला अंगणातल्या खाटेवर बसायला सांगितलं, आत नाही.

"हो, म्हटलं मी. खोटं कशाला बोलू? शेजारी शेणाचा वास, माशा. त्यात ते मेलेलं कातडं उभं केलेलं! देवपूजेला बसलं की समोर तेच. नातवाला पोळी भरवायची तर तेच."

"म्हणून ते हलवलंत?"

"मी?" कमलबाईंनी दोन्ही हात असे मागे घेतले, जणू ते कातडं समोरच ठेवलंय. "शिवेन तरी का मी त्याला?"

दावं लांबून कापलं होतं. न शिवता, गुंडाळून नेलं होतं. सत्यशीलाच्या मनात एक एक कडी अडकत गेली. तिने सरळ विचारलं, "स्वतः नाही, पण कुणाकडून तरी?"

कमलबाई उठून उभ्या राहिल्या. राग आला होता, पण रागात थोडी हळहळही होती.

"अगं, मी कशाला हलवीन? तुमच्याच साहेबांकडं तक्रार दिलीय ना मी. भरवस्तीत मेलेलं जनावर ठेवलंय म्हणून. आज साहेब येणार, तर मी त्यांना हाताला धरून कुंपणापाशी नेणार होते. हे बघा म्हणणार होते. आता काय दाखवू? रिकामा खुंटा?"

सत्यशीला खाटेवरून उठली. कमलबाईंच्या तक्रारीचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे तेच रेडकू होतं. चांगुणाखेरीज ते आज तिथं राहावं असं वाटणारी गावात एकच बाई, आणि ती हीच.

मग गावात उरलं कोण?

५

दुपारी ती घरी गेली. लेकीला दूध पाजायची वेळ उलटून गेली होती. आईने दारातच सांगितलं, "रडली नाही. तुझं कालचं लुगडं दिलं तिच्याजवळ. त्यात तोंड खुपसून झोपली."

पाळण्यात लेक झोपली होती. मुठीत लुगड्याचा पदर. सत्यशीला पाळण्याच्या कडेला टेकली आणि डोक्यातली गुंतावळ सोडवू लागली.

रेडकू नेणाऱ्याने कातड्याला हात लावला नाही. कातडं न शिवणारी माणसं असतात. कमलबाईंसारखी, विटाळ मानणारी. पण विटाळ मानणारा माणूस गोठ्यात पाऊल टाकणार नाही. तो कुणाला तरी पाठवणार, आणि पाठवलेला गडी ते ओढत नेऊन ओढ्यात टाकणार. इथं कुणीतरी स्वतः आलं होतं, जपून गुंडाळून, उचलून नेलं होतं.

आणि मीठ. वाळलेल्या कातड्याला मीठ लागत नाही. पण मीठ आणखी एका ठिकाणी लागतं. पुरताना. खड्ड्यात खाली मीठ घालतात, मग माती लोटतात. चोर चोरलेला माल पुरत नाही. पुरतात ते आपलं माणूस.

पलीकडच्या घरात कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं. सत्यशीलाच्या छातीत एकदम कळ आली आणि चोळी ओली झाली. लेक आपली झोपेत, रडतंय दुसऱ्याचं, तरी पान्हा आलाच. तिला हसू आलं. आणि हसता हसता ती थबकली.

कातडं न शिवणारी आणखीही माणसं असतात. तिचे स्वतःचे आजोबा त्यातलेच होते. ज्यांनी जन्मभर मेलेली ढोरं ओढली आणि एक दिवस ते काम ठरवून सोडलं, ती माणसं.

सकाळच्या गारठ्यात नुसत्या बंडीत बसलेले, गोठ्याकडं पाठ केलेले बाबा तिच्या डोळ्यांसमोर आले. त्यांची वाकळ कुठं गेली होती?

तिने पाळण्यातल्या लेकीकडं पाहिलं. मुठीतल्या लुगड्याकडं पाहिलं. मग तिने घाईने लेकीला उचललं, झोपेतच छातीशी धरलं, पोटभर पाजलं आणि आईच्या हातात देऊन चपला पायात सरकवल्या.

"कुठं गं निघालीस उन्हाची?" आई म्हणाली.

"एक वाकळ धुतली जायच्या आत गाठायचीय."

६

चांगुणा पेंड आणायला गेली होती. ओसरीवर बाबा एकटेच.

सत्यशीला त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.

"बाबा, कुठं पुरलंत?"

गोठ्यातून भुरी हंबरली, तसे त्यांचे खांदे आकसले.

"ओढ्याकाठी. करंजाखाली," ते म्हणाले.

"का?"

"तुला माहीत हाय का, आमच्या गावात ढोर मेलं की पाटलाचा माणूस दारात येऊन हाक मारायचा. सणासुदीला, जेवताना, कवाबी. माझ्या बापानं मरेस्तोवर ढोरं वढली. मीबी वढली. छप्पन साली दीक्षा घेतली अन् म्हणलो, ह्या हाताला आता कातडं लागणार न्हाई. गावानं पाणी बंद केलं, काम बंद केलं. तरी लावलं न्हाई. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत घर जळालं, गाव सुटलं. तरी न्हाई." त्यांनी तळवे उलटे करून पाहिले. "अन् आता माझ्याच दारात कातडं उभं. आज साहेब येणार, गवळी येणार, मास्तरीण कुंपणावरनं बघणार. म्हणतील, कुठं बी जाऊ द्या, शेवटी आपल्या धंद्यावर आले. सुनंचं नाव पयल्यांदा पाटीवर लागायलंय माय. त्या नावाखाली ते नको व्हतं मला."

"चांगुणाला म्हणाला नाहीत?"

"कसं म्हणू? ती लेकीवानी कष्ट करायलीय. म्हणलं, पेंड घातली की देईल म्हैस दूध. मला काय ठावं ती असा हंबरडा फोडंल." त्यांनी गोठ्याकडं मान वळवली. "अन् त्या रेडकालाबी म्हाताऱ्याच्या मांडीवरनं नेऊन, भूस भरून उभं केलेलं बघवत नव्हतं मला. मातीत गेलं म्हंजी त्याचं बी सुटलं."

मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. चांगुणा दारात उभी होती, पेंडीचं गाठोडं पायाशी.

"मामा," ती म्हणाली. मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "मी हात लावला न्हाई, दुसऱ्याकडनं करून घेतलं, म्हंजी चाललं, असं वाटलं मला. एका शब्दानं म्हणला असता."

"मीबी त्येच म्हणतो गं. एका शब्दानं इचारलं असतंस."

सत्यशीलाचं लक्ष सावल्यांकडं होतं. त्या कुंपणापर्यंत पोचल्या होत्या. दिनकरराव थोड्याच वेळात येणार होते.

"बाबा, रेडकू आजारी होतं तेव्हा मांडीवर कशात घेऊन बसायचात?"

"माझ्या वाकळीत."

"आणि आज पहाटे त्याला गुंडाळलंत ते?"

"त्याच्यातच. हात लागू नव्हं म्हणून."

"वाकळही पुरलीत?"

"न्हाई. चांगुणाच्या सासूनं शिवल्याली हाय ती. माघारी आणली."

सत्यशीलाने त्यांचा हात धरला. "धुतलीत का, बाबा? खरं सांगा. धुतलीत का?"

७

दिनकरराव सायकलवरून उतरले तेव्हा कुंपणापाशी कमलबाई उभ्या होत्या आणि बाभळीला टेकून बन्सीधर गवळी. निरीक्षकांनी नाली पाहिली, पाण्याची टाकी पाहिली, जमीन बुटाने दाबून पाहिली. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती.

"आता धार," ते म्हणाले.

चांगुणा बादली घेऊन बसली. सडाला हात लागताच भुरीने पाय झाडला. बादली घरंगळत दिनकररावांच्या पायाशी गेली.

"मी म्हणलो नव्हतो?" बन्सीधर पुटपुटला, पण त्याच्या बोलण्यात मजा नव्हती.

तेवढ्यात घराच्या मागच्या बाजूने सितारामबाबा आले. खांद्यावर जुनी, ठिगळाठिगळांची वाकळ. सरपणाच्या ढिगाखाली दिवसभर दडवून ठेवलेली. धुवायला काढली होती, पण हात पुढं झाला नव्हता. वाकळीला रेडकाचा वास होता, आजारपणातल्या मुताचा, लाळेचा, उबेचा. एवढं पुसून टाकायला म्हाताऱ्याचा जीव धजला नव्हता.

रेडकू गेल्यापासून पहिल्यांदाच ते उजेडी, सगळ्यांसमोर गोठ्यात शिरले. भुरीच्या तोंडापुढं मांडी घालून बसले आणि वाकळ मांडीवर पसरली, पूर्वी पसरायचे तशी.

भुरीने मान खाली घातली. हुंगलं. एकदा फुस्स करून मागे झाली. सत्यशीलाने पदर मुठीत आवळला होता. मग भुरीची खरबरीत जीभ वाकळीवरून फिरली. परत फिरली. बाबांच्या हातावरून, मनगटावरून फिरली.

"घे गं माय," बाबा म्हणाले. "घे. हाय हितंच."

चांगुणाने सडाला हात लावला. भुरी हलली नाही. बादलीच्या तळावर पहिली धार वाजली, मग दुसरी, आणि मग तो आवाज फेसात बुडून गेला.

बन्सीधरने डोक्यावरचा रुमाल काढून परत बांधला. "चाळीस म्हशी पाळल्या," तो म्हणाला, "हे न्हाई बघितलं."

दिनकररावांनी खुर्ची न मागता तिथंच, सायकलच्या सीटवर कागद ठेवून सही केली. मग सत्यशीलाकडं वळून म्हणाले, "आणि त्या चोरीचं काय लिहायचं? रेडकू सापडलं का?"

"सापडलं साहेब. पुरलेलं आहे. चोरी नाही."

"कुणी पुरलं?"

"घरच्यांनी."

दिनकररावांनी वाकळीकडं पाहिलं, म्हाताऱ्याकडं पाहिलं. पेनाचं टोपण लावलं.

कमलबाई अजून कुंपणापाशीच होत्या. दाखवायला पुरावा राहिला नव्हता आणि घरात जायला पाय निघत नव्हता. दूध बादलीच्या काठापर्यंत आलं होतं.

"चांगलं दाट दिसतंय," त्या शेवटी म्हणाल्या. "आमच्या नातवाला वरचं दूध लागतं. डेअरीचं बाधतं त्याला. पावशेर घालशील का? इथूनच, कुंपणावरून."

चांगुणा कासेवरून मान वर न करता म्हणाली, "परवाना ह्या दाराचा हाय बाई, कुंपणाचा न्हाई. तांब्या घेऊन दारातनं या."

बन्सीधर खो खो हसला. कमलबाई आत निघून गेल्या.

परवान्याची पत्र्याची पाटी दुसऱ्या दिवशी सत्यशीलाने स्वतः नेऊन दिली. सितारामबाबांनी ती दाराच्या चौकटीला ठोकली, सुनेचं नाव बोटाने पुसून लख्ख केलं आणि धारेच्या वेळी वाकळ घेऊन आपल्या जागेवर जाऊन बसले. त्यांच्या अंगावर आता चांगुणाची नवी गोधडी होती.

दाराची कडी वाजली. कमलबाई उभ्या होत्या, ओसरीच्या पायरीखाली, हातात पितळी तांब्या. कुंपणाला पूर्ण वळसा घालून आल्या होत्या.

"झालं का दूध?" त्यांनी विचारलं.

"बसा," भुरीच्या तोंडावरून हात फिरवत बाबा म्हणाले. "घाई करू नका. तिला आदी तिच्या लेकराची आठवण येऊ द्या."

कमलबाई क्षणभर घुटमळल्या. मग पायरीवर बसल्या.